परदेशातून आणलेला कन्सोल आणि तिकडच्या डिस्का: आपल्याकडे काय चालतं, काय अडतं?

पाथरी_रोड
नमस्कार मंडळी. दाजी नोकरीसाठी ओसाकाला असतात. दिवाळीला ताई आणि ते परभणीला येणार आहेत आणि माझ्या लेकासाठी टीव्हीवर गेम खेळायचा कन्सोल आणू का म्हणून विचारायलेत. तिकडं जुन्या गेमांची दुकानं भरपूर आहेत, वापरलेल्या डिस्का स्वस्तात मिळतात, सांगशील त्या आणतो म्हणतात. शिवाय चुलतभाऊ दम्मामला आहे. त्याच्याकडं पीएस फोरच्या, म्हणजे प्लेस्टेशन ४ च्या, डिस्का पडून आहेत, त्याही द्यायला तो तयार आहे.

इथं ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "बाहेरचं चालत नाही, रीजन लॉक असतं." म्हणजे एका देशाची डिस्क दुसऱ्या देशाच्या मशीनवर चालू न देणारं कुलूप. हे जुन्या काळचं ऐकीव ज्ञान आहे असं माझं मत झालंय, पण खात्री नाही. वीज, टीव्ही, डिस्क, खातं, कस्टम, दुरुस्ती यांतलं नेमकं कुठं अडतं? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती. आमच्या भागात नवी डिस्क घ्यायची म्हटलं तरी ऑनलाइन मागवावी लागते, म्हणून आयत्या मिळणाऱ्या डिस्का सोडवत नाहीत.

मोंढा_नाका
सरळ सांगतो, भारतातलाच घ्या. कन्सोलची वॉरंटी ज्या देशात घेतला तिथलीच. उद्या एचडीएमआयचं पोर्ट गेलं तर दाजी तो डबा परत ओसाकाला नेणार का? चार पैसे वाचतील, पण मनाला घोर लागेल.

हुरडा_पार्टी
धागा वाचनखुणांत टाकला. दुबईहून मामा यायलेत, मलाही हेच विचारायचं होतं.

देवगिरी_जंक्शन
पाथरी_रोड, तुमचं मत बरोबर आहे. रीजन लॉक ही खरी गोष्ट होती, पण प्रत्येक मशीनचं वेगळं होतं आणि आज ते बहुतेक ठिकाणी उठलंय. विजेपासून सुरू करतो, कारण पैसा तिथं जळतो.

आपल्याकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जपानात १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०. पीएस फोर, पीएस फाइव्ह, एक्सबॉक्स वन एस आणि त्यानंतरचे एक्सबॉक्स, निन्टेंडो स्विचचा अडॅप्टर, हे सगळे १०० ते २४० व्होल्टवर चालतात. मशीनच्या मागं किंवा अडॅप्टरवर बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं. त्यांना ट्रान्सफॉर्मर लागत नाही, फक्त पिनचा प्रश्न. पीएस फाइव्हला इंग्रजी आठच्या आकाराची केबल लागते. आपल्या टेपरेकॉर्डरला असायची तीच जात. इथल्या दुकानातून चांगल्या प्रतीची घ्यायची, की जपानी चपट्या पिनेचा विषय संपला.

जुन्यांचं तसं नाही. अमेरिकेतल्या निन्टेंडो वी या कन्सोलचा अडॅप्टर १२० व्होल्टचा. एक्सबॉक्स ३६० ची ती वीट, म्हणजे विटेएवढा अडॅप्टर, अमेरिकेत कमी व्होल्टेजची आणि आपल्याकडं वेगळी. ती थेट २३० वर लावली की खेळ खलास. अशा मशीनला दोन रस्ते आहेत. एकतर आपल्या व्होल्टेजचा त्याच मशीनचा अडॅप्टर शोधायचा, नाहीतर २३० चे ११० करणारा खरा, तांब्याच्या वेटोळ्याचा, वजनदार ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. एक्सबॉक्स ३६० च्या पहिल्या विटा २०३ वॉटच्या होत्या, त्यामुळं ट्रान्सफॉर्मर ३०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेच्या खाली घेऊ नका, ५०० घेतलात तर निवांत. प्रवासात मिळणारे हलके, खिशात मावणारे कन्व्हर्टर इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. त्यावर कन्सोल लावायचा नाही, म्हणजे नाहीच.

हुरडा_पार्टी
दुबईच्या पीएस फाइव्हला मग केबलसुद्धा बदलावी लागणार नाही ना?

देवगिरी_जंक्शन
@हुरडा_पार्टी लागेल. दुबईत तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो. व्होल्टेज मात्र आपल्यासारखंच.

गंजगोलाई
वा, कुठल्या कुठं नेलंत. लातूरला क्लासच्या दिवसांत आम्ही तासावर पैसे देऊन पीएस वन, पीएस टू खेळायचो. एका खोलीत टीव्ही मांडलेले असायचे. गंमत म्हणजे तीच डिस्क एका टीव्हीवर रंगीत दिसायची आणि दुसऱ्यावर काळीपांढरी. मालक म्हणायचा, "पिक्चर ट्यूबचं वय झालंय." आम्ही सगळे विश्वास ठेवायचो. कुणी सांगेल का, खरं कारण काय असायचं?

कोचिंगची_पोरं
आधी रंगीत टीव्हीपुढची खुर्ची कोण पटकवायचं ते सांगा :)

गंजगोलाई
@कोचिंगची_पोरं ज्याचा क्लास लवकर सुटायचा तो! फिजिक्सच्या बॅचवाल्यांची चंगळ असायची.

सर्किट_बोर्ड
गंजगोलाई, ट्यूबचा काही दोष नव्हता. भारतात टीव्हीची पद्धत पाल, जपान आणि अमेरिकेत एनटीएससी. पालमध्ये चित्राच्या ६२५ ओळी आणि ५० हर्ट्झ, एनटीएससीत ५२५ ओळी आणि ६० हर्ट्झ. रंगाची माहिती ज्या लहरीवर येते ती पालमध्ये ४.४३ मेगाहर्ट्झची, एनटीएससीत ३.५८ ची. फक्त पाल समजणाऱ्या टीव्हीला एनटीएससीचा रंग सापडत नाही, म्हणून चित्र काळंपांढरं. काही टीव्हींवर तर चित्र वर सरकत राहायचं. पुढं मल्टिसिस्टीम टीव्ही आले, त्यांना दोन्ही कळायचं. तुमच्या पार्लरमध्ये एक टीव्ही त्यातला असणार.

आणखी एक. त्या काळातले बरेच गेम ६० हर्ट्झसाठी लिहिलेले. युरोपसाठी काढताना नीट जुळवणी केली नाही, तर ५० हर्ट्झवर ते साधारण सहाव्या हिश्श्यानं हळू चालायचे. संगीतसुद्धा रेंगाळायचं. म्हणून जुन्या गेमांचे शौकीन आजही जपानी किंवा अमेरिकन प्रत शोधतात. तो निव्वळ हौसेचा मामला नाही, खेळ खरोखर वेगळा लागतो.

एचडीएमआय आल्यावर हे सगळं संपलं. आजचा कुठलाही टीव्ही ५० आणि ६० दोन्ही दाखवतो.

गंजगोलाई
इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं. मनापासून धन्यवाद, सर्किटभाऊ.

दम्मामहून_नांदेडकर
मी सौदीतच आहे, सुट्टीला नांदेडला येताना पीएस फोर आणि नंतर पीएस फाइव्ह घेऊन आलो. दोन्ही घरी चालू आहेत, धाकटा भाऊ वापरतो.

डिस्कांबद्दल सांगतो. भारतात मिळणाऱ्या प्लेस्टेशनच्या डिस्का बहुतांश युरोपच्या प्रतीच्या असतात, आखातातल्याही बऱ्याचशा तशाच. पीएस फोर आणि पीएस फाइव्हला गेमच्या डिस्कवर देशाचं बंधन नाही. सौदी, जपानी, अमेरिकन, कुठलीही घाला, चालते. काही डिस्कांच्या कव्हरवर अरबी असतं, आत इंग्रजीसुद्धा असतं. तरी कव्हरच्या मागं भाषा बघूनच घ्या.

पाथरी_रोड, चुलतभावाच्या डिस्का डोळे झाकून घ्या. पीएस फाइव्हसुद्धा डिस्क ड्राइव्हवाला घेतलात, तर पीएस फोरच्या त्या सगळ्या डिस्का त्यावर चालतील, अगदी मोजके अपवाद सोडले तर. ड्राइव्ह नसलेला डिजिटल एडिशन घेतला तर त्या नुसत्या शोभेला.

पैठण_गेट
हे बरोबर. माझा थोडा वेगळा अनुभव पीएस थ्रीचा. त्यालाही गेमवर लॉक नव्हतं, पण २०१२ मध्ये आलेला पर्सोना ४ अरेना हा एक गेम मुद्दाम लॉक केला होता. माझ्याकडं अमेरिकन मशीन होती आणि एका मित्रानं युरोपची डिस्क पाठवली. सगळं चालायचं, तेवढी एक डिस्क नाही. म्हणून "पीएस थ्रीला लॉक नाही" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला मी हा एक गेम सांगतो.

देवगिरी_जंक्शन
पैठण_गेट, चांगली आठवण. आता डिस्क चालते म्हटल्यावर लोक निर्धास्त होतात आणि नेमके पुढं अडकतात, म्हणून थोडं लांबवर लिहितो.

प्लेस्टेशनवर डिस्क कुठल्याही देशाची चालली, तरी गेमचे जादा भाग, म्हणजे डीएलसी, डिस्कच्याच प्रदेशाचे असावे लागतात. पीएस फोरच्या डिस्कवर आणि कव्हरच्या कण्यावर क्युसा आणि पाच आकडे असा क्रमांक असतो, पीएस फाइव्हच्या डिस्कवर पीपीएसए. जपानच्या प्रतीचा क्रमांक वेगळा, युरोपच्या प्रतीचा वेगळा. भारतीय खात्यातून डीएलसी विकत घेतलं आणि डिस्क जपानी असेल तर दोघांची ओळखच पटत नाही. पैसे जातात, डीएलसी लायब्ररीत दिसतं, गेममध्ये उतरत नाही. सेव्ह फाइलचंही बहुतेक वेळा तसंच. जपानी डिस्कवर अर्धा खेळलेला गेम भारतीय प्रतीवर पुढं नेता येत नाही.

तोड आहे. त्याच कन्सोलवर जपानचं दुसरं खातं उघडायचं, जपानी गिफ्ट कार्डानं त्यातून डीएलसी घ्यायचं आणि त्या खात्यासाठी कन्सोल शेअरिंगची सोय चालू ठेवायची. मग मुलगा त्याच्या भारतीय खात्यावरून खेळला तरी ते भाग वापरता येतात. पण हे एखाद्या गेमसाठी ठीक. प्रत्येक गेमला असं करणं म्हणजे डोकेदुखी.

म्हणून माझा नियम असा आहे. ज्या गेमचं डीएलसी कधी घ्यावं लागेल असं वाटतं, तो गेम आपल्या खात्याच्या प्रदेशाचाच घ्यायचा. जे गेम एकदा संपवून कपाटात जाणार, ते कुठलेही.

मोंढा_नाका
बघा, म्हणून म्हणत होतो. भारतीय घ्या, भारतीय खातं, भारतीय डिस्क. एकच तोंड.

दम्मामहून_नांदेडकर
@मोंढा_नाका कन्सोल कुठला आहे याचा डीएलसीशी काडीचा संबंध नाही, दादा. संबंध खातं आणि डिस्क यांचा आहे. सौदीचा कन्सोल घ्या, भारतीय खातं उघडा, इथून डिस्क घ्या, सगळं जुळतं.

उदगीरची_अक्का
माझ्या भावानं जपानहून पीएस फोर आणला होता, त्याबद्दल लिहिते. वीज, टीव्ही, काहीच अडलं नाही. अडलं ते बटणांवर. जपानी पद्धतीत गोल म्हणजे "हो" आणि फुली म्हणजे "नाही". आपल्याकडं उलटं. पोरगी मैत्रिणीकडं एका पद्धतीनं खेळायची आणि घरी आली की प्रत्येक मेनूतून बाहेर पडायची. पीएस फाइव्हपासून सगळीकडं फुली म्हणजेच "हो" झालंय, पण जुनी जपानी डिस्क घातली की तो गेम स्वतःच्या आतल्या मेनूत गोलच मागू शकतो.

दुसरं, भाषेचं. दाजींना सांगा, दुकानात डिस्क उचलायच्या आधी मागच्या बाजूला कुठल्या भाषा दिल्यात ते वाचा. बऱ्याच जपानी प्रतींत फक्त जपानी असते. गाड्यांच्या शर्यती, फुटबॉल, मारामारी, हे भाषेशिवाय निभतं. गोष्टीचा गेम असेल तर लेकरू पहिल्याच गावात अडकून बसतं. तोच गेम हाँगकाँग किंवा सिंगापूरच्या प्रतीत अनेकदा इंग्रजीसह मिळतो.

आणि जपानी डब्यावरचं वयाचं अक्षर बघा. सेरो ही तिथली संस्था ए, बी, सी, डी आणि झेड अशी अक्षरं देते. ए सगळ्यांसाठी, बी बारा, सी पंधरा, डी सतरा, झेड अठराच्या वर. आईबापांनी एवढं तरी पाठ करावं.

कोचिंगची_पोरं
अक्का, मुलीनं शेवटी कुठलं बटण लावून घेतलं?

उदगीरची_अक्का
दोन्ही. आता भाच्यांना शिकवते.

नागोयाचा_नायगावकर
मी जपानात राहतो, गाव नायगाव. हे जरा ठळक लिहितो, कारण यात लोक फसतात.

जपानात निन्टेंडोच्या स्विच टू या कन्सोलचे दोन प्रकार आहेत. ५ जून २०२५ ला आला तेव्हा दुकानांत मिळणारा स्वस्त प्रकार ४९,९८० येनचा होता. त्यात मेनूची भाषा फक्त जपानी आणि जोडता येणारं खातं फक्त जपान देशाचं. सगळ्या भाषांचा प्रकार निन्टेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात ६९,९८० येनला होता. दाजी घाईघाईत पहिला उचलतील, किंमत बघून खूशही होतील, आणि परभणीत आल्यावर सेटिंगमध्ये इंग्रजी सापडणारच नाही.

सोनीनंही नोव्हेंबर २०२५ मध्ये असाच फक्त जपानी भाषेचा पीएस फाइव्ह डिजिटल एडिशन ५५,००० येनला काढला. तोही जपानच्या खात्यापुरता आणि डिस्क ड्राइव्हशिवाय. तुमच्याकडं डिस्का येणार असतील तर त्याकडं बघूही नका. डिस्क ड्राइव्हवाला नेहमीचा पीएस फाइव्ह सप्टेंबर २०२४ पासून इथं ७९,९८० येन झाला होता. भारतातल्या किमतीशी तुलना करताना त्या दिवसाचा येनचा भाव लावून बघा. पूर्वीइतका फरक आता राहिला नाही.

येनची ही स्वस्ताईच या वेगळ्या प्रकारांचं कारण आहे. परदेशातून येऊन लोक पोत्यानं कन्सोल उचलू लागले, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकासाठी भाव कमी ठेवायचा तर त्याला भाषेचं आणि खात्याचं कुलूप लावावं लागलं. रीजन लॉक डिस्कवरून गेलं आणि या वाटेनं परत आलं. मला हे अजिबात पटत नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू माणसाला आपल्या भाषेत वापरता आली पाहिजे.

पाथरी_रोड
बाप रे! हे माहीतच नव्हतं. ताईला आत्ता व्हॉट्सअ‍ॅप केलं. दाजींनी तोच स्वस्तातला स्विच टू बघून ठेवला होता.

मोंढा_नाका
नागोयावाल्यांनी एका पोराची दिवाळी वाचवली.

सीमाशुल्क_सल्ला
कस्टमबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रवाशानं सोबत आणलेल्या सामानाला ठरावीक किमतीपर्यंत शुल्क माफ असतं. २०१६ च्या बॅगेज नियमांत भारतात राहणाऱ्याला ती मर्यादा ५० हजार रुपयांची होती आणि त्यावरच्या रकमेला साधारण ३८.५ टक्के शुल्क बसायचं. मर्यादा वेळोवेळी बदलते, निघायच्या आधी सीमाशुल्क विभागाच्या साइटवर ताजा आकडा बघायचा.

दोन गोष्टी लोक हमखास चुकीच्या सांगतात. एक, "नवराबायकोची सूट एकत्र करता येते." नाही येत. प्रत्येकाची सूट स्वतंत्र, एका वस्तूवर दोघांची बेरीज होत नाही. दुसरी, "लॅपटॉपसारखा कन्सोलही माफ असतो." लॅपटॉपला वेगळी सवलत आहे, गेमच्या कन्सोलला नाही, तो सर्वसाधारण मर्यादेत धरतात. बिल जवळ ठेवा, विचारलं तर दाखवा. खोकं फेकून दिलं म्हणून वस्तू जुनी होत नाही.

पार्सलनं "गिफ्ट" लिहून पाठवायचा बेत असेल तर सोडा. डिसेंबर २०१९ पासून ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झाली.

हुरडा_पार्टी
म्हणजे रक्षाबंधनाला राखी आली तर चालते, कन्सोल आला तर शुल्क. बहिणीच भारी.

बीड_बसस्टँड
तुम्ही सगळे नव्या मशीनचं बोलायलात. माझ्याकडं पीएस टू आहे, अमेरिकेचा. त्याला लॉक आहेच. इथं एक जण चिप बसवून देतो, सगळ्या देशांच्या डिस्का चालतात. कॉपी केलेल्यासुद्धा. करावं का?

वकीलसाहेब_धाराशिव
विकत घेतलेली खरी डिस्क आपल्या मशीनवर चालवणं आणि कॉपी डिस्क चालवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात कलम ६५ए आलं. हक्कांचं उल्लंघन करायच्या हेतूनं तांत्रिक संरक्षण तोडणं त्यात गुन्हा ठरवलंय, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा त्यातला कळीचा शब्द. कॉपी डिस्कांसाठी चिप बसवाल तर त्या हेतूबद्दल वाद घालायला जागाच उरत नाही.

सर्किट_बोर्ड
शिवाय त्या चिपला बोर्डावर बारीक तारा डकवाव्या लागतात. हात सराईत नसेल तर चालू मशीन हातची जाते. बीडभाऊ, पीएस टू हे जगात सर्वांत जास्त खपलेलं कन्सोल, १६ कोटींच्या वर. त्यामुळं पाल मशीन जुन्या बाजारात अजून सापडतं. तुमच्याकडच्या अमेरिकन डिस्का अमेरिकन मशीनवर ठेवा, ट्रान्सफॉर्मर लावा आणि इथल्या डिस्कांसाठी एक पाल मशीन शोधा.

बीड_बसस्टँड
पटलं. मशीन जिवापाड जपलेली आहे, उघडायला नको.

चिनॉय_फेरी
नांदेड, लातूरवाल्यांसाठी: असलं जुनं सामान, अडॅप्टर, ट्रान्सफॉर्मर बघायला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. तिथल्या कोटी भागातली गुजराती गल्ली आणि सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेस थेट सिकंदराबादला जाते. मशीन सोबत घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा.

देवगिरी_जंक्शन
आमच्या नावाच्या गाडीची जाहिरात केल्याबद्दल आभार :)

सर्किट_बोर्ड
मराठवाड्यात बाहेरचा काय नि इथला काय, कुठलाही कन्सोल ठेवायचा तर दोन गोष्टींचा विचार करावाच लागतो, त्या लिहून ठेवतो.

पहिली, वीज. कमी व्होल्टेजची आपण काळजी करतो, पण १०० ते २४० वर चालणाऱ्या मशीनला १७० व्होल्ट आले तरी फरक पडत नाही. धोका वर जाण्याचा. लाइनवरचा न्यूट्रल तुटला की घरात ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं आणि तिथं कुठलाच अडॅप्टर टिकत नाही. व्होल्टेज वर गेलं की पुरवठा तोडणारा, हाय कटचा स्टॅबिलायझर घ्या. वादळवाऱ्यात आणि पहिल्या वळवाच्या पावसात प्लग काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

दुसरी, उन्हाळा. पीएस फाइव्हसाठी सोनीनं खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश सांगितलंय. परभणीत मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी खेळू देऊ नका. टीव्हीच्या कपाटात कोंबू नका, चारी बाजूंनी हवा लागू द्या. कूलरच्या झोतात तर अजिबात ठेवू नका, दमट वारा आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याचे तुषार आत जाऊन बोर्डावर बसतात. धूळ महिन्याला पुसा, आतली वर्षाकाठी साफ करून घ्या.

उदगीरची_अक्का
सकाळी सातला खेळायचं, दुपारी पुस्तक, संध्याकाळी मैदान. उन्हाळ्यात आमच्या घरी हाच नियम. मशीनही टिकतं आणि पोरंही.

लाल_कॅसेट
एक गोष्ट राहिली. नव्वदच्या दशकात आपल्या घरोघरी जे "व्हिडिओ गेम" होते, लिटल मास्टर, मीडिया वगैरे, ते सगळे जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानात आला, त्याच्या कॅसेटला ६० पिना. अमेरिकेत तेच मशीन एनईएस म्हणून गेलं, तिथल्या कॅसेटला ७२ पिना आणि आत कुलपाची चिप. आपल्या मशीनला ६० पिनांची खाच आणि कुलूप नाही. म्हणजे जपानची अस्सल कॅसेट आपल्या मशीनमध्ये बसायची, अमेरिकेची नाही बसायची. जालना, सेलू, अंबाजोगाईतली लेकरं जपानी खेळ खेळतच मोठी झाली, फक्त ते कुणी सांगितलं नव्हतं.

अस्सल जपानी फॅमिकॉम आणाल तर तो मात्र आपल्या जुन्या टीव्हीवर लागत नाही. त्याचा अँटेनाचा सिग्नल जपानच्या चॅनल १, २ वर निघतो, साधारण ९१ आणि ९७ मेगाहर्ट्झवर. आपल्याकडं त्या पट्ट्यात एफएम रेडिओ. मी तो मुद्दाम जोडून बघितला होता, टीव्हीला काहीच सापडलं नाही. मग आत एव्हीची जोडणी करून घेतली आणि चित्र आलं. १०० व्होल्टचा त्याचा अडॅप्टर मी लावतच नाही, १० व्होल्ट डीसीचा इथला वापरतो. फॅमिकॉमच्या प्लगमध्ये आतली टोचणी ऋण असते, बाहेरची कडी धन, ते तपासूनच लावायचं.

गंजगोलाई
लाल_कॅसेट, यावर स्वतंत्र धागा काढाच. फोटोंसकट.

लाल_कॅसेट
काढतो. कॅसेटा धुऊन, वाळवून फोटो काढतो.

सर्किट_बोर्ड
@लाल_कॅसेट आधी खोला, मग आतला बोर्ड बाजूला ठेवून नुसतं प्लास्टिक धुवा!

पाथरी_रोड
सगळं वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. ठरत आलंय. स्विच टू चा विचार सोडला. डिस्क ड्राइव्हवाला पीएस फाइव्ह, दम्मामच्या डिस्का येतीलच, आणि दाजींना भाषा बघून शर्यतीचे आणि फुटबॉलचे गेम आणायला सांगितलेत. कन्सोल ओसाकाहून की इथून, हे त्या आठवड्यातला येन बघून ठरवू. शेवटचा प्रश्न: खातं भारताचं की जपानचं?

देवगिरी_जंक्शन
भारताचं, आणि पहिल्याच दिवशी. पीएसएनच्या, म्हणजे प्लेस्टेशनच्या ऑनलाइन, खात्याचा देश नंतर बदलता येत नाही. जपानचं मुख्य खातं केलंत तर घेतलेले गेम, ट्रॉफ्या, सबस्क्रिप्शन सगळं तिथंच अडकून पडतं आणि पैसे भरायला दर वेळी जपानी गिफ्ट कार्ड शोधावं लागतं. भारतीय खात्यात रुपयांत भाव दिसतात. दम्मामच्या डिस्का बहुधा युरोपच्या प्रतीच्या असतील, म्हणजे त्यांचं डीएलसीही भारतीय दुकानातून जुळायची शक्यता जास्त. तरी आधी क्रमांक पडताळा.

मुलाचं खातं तुमच्या खात्याखाली कुटुंबात जोडा, खर्चाची आणि वेळेची मर्यादा तिथूनच लावता येते.

आणि एक, सिनेमे. जपानी मशीनवर गेम कुठलेही चालतील, इथल्या सिनेमाच्या डिस्का सहसा नाही. डीव्हीडीत जपान प्रदेश २ मध्ये, भारत प्रदेश ५ मध्ये. ब्ल्यू-रेत जपान ए, भारत सी. घरात लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेली डीव्हीडी असेल तर तिला सहसा प्रदेशाचं बंधन नसतं.

मोंढा_नाका
माझं मत अजूनही तेच आहे, किमतीत पाचदहा टक्क्यांचाच फरक असेल तर इथलाच घ्या आणि वॉरंटीचं बिल सांभाळा. पण डिस्का मात्र बाहेरून आणायला हरकत नाही, हे या धाग्यानं पटवलं.

नवीन_सभासद_हिंगोली
पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडं भारतात एका मित्राकडून घेतलेला, युरोपचा थ्रीडीएस, म्हणजे निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, आहे. काका तोक्योहून थ्रीडीएसच्या कॅसेटा पाठवायलेत. चालतील का?

पैठण_गेट
स्वागत. नाही चालणार. थ्रीडीएसला प्रदेशाचं कुलूप आहे, जपानी कॅसेट युरोपच्या मशीनवर उघडत नाही. त्याचं ऑनलाइन दुकानही २७ मार्च २०२३ ला बंद झालं, त्यामुळं तिथून नवीन घ्यायचा मार्गही नाही. पण काकांना त्याच्या आधीच्या साध्या डीएसच्या कॅसेटा बघायला सांगा. त्यांना कुलूप नव्हतं आणि त्या थ्रीडीएसमध्ये चालतात. फक्त "डीएसआय" असं छापलेल्या टाळायच्या.

नवीन_सभासद_हिंगोली
काकांना लगेच फोन लावतो, ते आज दुकानातच जाणार होते.